सुशीलाबाईंची तुरीची चुंगडी

तुमच्या घरच्या धान्यात किडा निघाला, तर सगळ्यात आधी कोणाचं नाव येतं तुमच्या तोंडात? दुकानदाराचं? शेजारणीचं? सुनेचं? विचार करत बसू नका, जे पहिलं आलं ते सांगा. माझ्या तोंडात जे आलं ते मी दोनशे माणसांच्या सभेत बोललो. ते नाव होतं सुशीलाबाई सोमकुवर.

हे लिहून राहिलो ते त्यांच्याबद्दल. मध्ये मध्ये मी येईन, त्याला इलाज नाही. जे झालं ते माझ्यामुळं झालं.

आमचा मोहल्ला पांढुर्ण्यात, जाम नदीच्या अलीकडे. पूल ओलांडला की सावरगाव. मोहल्ल्यात बुद्धविहार आहे आणि विहाराच्या मागे तिसरं घर सुशीलाबाईंचं. त्या घराकडे जाणारी गल्ली नेमकी माझ्या ओट्यासमोरून जाते. ही गल्ली दुसरीकडून गेली असती तर पुढचं बरंच काही झालं नसतं, असं मला अजूनही वाटतं.

पंधरा वर्षं लोक माझ्या ओट्यावर येत. कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाची पेन्शन अडकली, कोणाचं राशनकार्डातून नाव उडालं. आमचं राज्य हिंदी पण घरची बोली मराठी, म्हणून अर्जी हिंदीत लिहायची आणि भांडण मराठीत करायचं, हा माझा शिरस्ता. शाळा नववीत सुटली, नियम आणि कलमं मी आपल्या आपण वाचून शिकलो. नगरपालिकेतले बाबू मला पाहिल्यावर खुर्ची पुढे करतात, ती प्रेमानं नाही. मग तीन-चार वर्षांपासून काय होऊ लागलं, की सकाळी लोक गल्लीतून येत, माझ्यासमोर थांबत, मी पेन उघडत असे, आणि ते विचारत, "मनोहरभाऊ, सुशीलाबाई घरी हाये का?"

त्यांच्या हातात कागदाची पुडी असायची. पुडीत किडा.

सुशीलाबाई मोहगावच्या. सोळाव्या वर्षी लग्न होऊन पांढुर्ण्याला आल्या. नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचा, त्याला जाऊन बारा वर्षं झाली. एक मुलगी, सोनाली, तिगावला दिलेली. त्या स्वतः बावीस वर्षं एका धान्यव्यापाऱ्याच्या गोदामात झाडू मारत, माल चाळत होत्या. आता वय चौसष्ट. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या डोळ्याचं करायचं राहिलं. वाचता येत नाही. पण गव्हाची एक मूठ घेतील, पितळी थाळीत पसरतील, थाळी उन्हात ठेवतील आणि बाजूला गुडघे जवळ घेऊन बसतील. ऊन लागलं की किडा सावली शोधत पळतो. मग कोण निघालं, किती निघाले, कसा चालतो, हे त्या पाहत राहतात. पाहणं पूर्ण होईपर्यंत कोणाला हात लावू देत नाहीत.

"आधी पाह्य, मंग मार," एवढंच त्यांचं म्हणणं.

गोदामात त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. एखादं पोतं खराब झालं, मालकानं ते बाहेर काढायला सांगितलं, की ह्या त्यातला एखादा किडा पदराच्या गाठीत बांधून घरी आणायच्या. घरी काचेच्या पेल्यात ठेवायच्या. एका पेल्यात गव्हाचे दाणे, एका पेल्यात तूर, एका पेल्यात लाकडाची ढलपी. वरून फडकं बांधायचं आणि आठ दिवस बघायचं की हा काय खातो आणि कशापाशी उपाशी राहतो. असं करून करून त्यांना किड्यांची जातन्‌जात पाठ झाली. गव्हातला सोंडवाला तो सोंडा. तुरीला आणि मुगाला गोल छेद पाडणारा, ठेंगणा, पाठीवर ठिपके असलेला तो भुंगा. पिठातली लाल बारीक ती सुरसुरी. खाटेच्या पायातून पीठ पाडणारा तो घुण. उपायही त्यांचे साधे. गहू भरायच्या आधी दोन-तीन कडक उन्हं दाखवायची आणि थंड झाल्यावरच भरायचा, गरम भरला तर आत घाम सुटतो. तुरीला एरंडीच्या तेलाचा हात. पिठाचा डबा रिकामा झाला की धुऊन वाळवायचा, जुन्यावर नवं ओतायचं नाही. अंगणात उन्हाळ्याच्या शेवटी दिव्यावर भुंगेरे येऊ लागले की दिव्याखाली साबणाच्या पाण्याचं घमेलं ठेवायचं, म्हणजे शेणखतात त्यांची पांढरी अळी कमी होते. कोणी गोदामात वापरतात ती विषारी गोळी घरच्या कोठीत टाकायची गोष्ट काढली, तर मात्र त्या उठून उभ्या राहायच्या. तिची हवा माणसाला मारते, कोठीपाशी लेकरं झोपतात, असं सांगून ती गोळी विकणाऱ्याला परत करायला लावायच्या.

हे सगळं मला कसं ठाऊक? ओट्यावर बसून ऐकलं. दुसरं काय ऐकणार होतो?

एकदा माझ्याच अंगणात त्यांनी मला खाली पाहायला लावलं. माझ्या लिंबाच्या झाडाला मावा लागला होता, पानं चिकट झाली होती. त्या पानांवर काळे, नारिंगी ठिपक्यांचे, चपटे प्राणी फिरत होते, मगरीच्या पिल्लासारखे. मी चप्पल काढली आणि एकेक पान धरून चिरडत बसलो. माझी बायको करुणा गेली आणि त्यांना बोलावून आणलं. मला न विचारता. सुशीलाबाईंनी पान उलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "मनोहरभाऊ, तुमी आपल्याच पोलिसाले मारून राहिले ना." लाल गोल ठिपकेवाला किडा असतो, तो मावा खातो, आणि ही त्याचीच लेकरं, बापापेक्षा जास्त खाणारी, असं त्यांनी समजावलं. करुणा हसली. हसली ते हसली, संध्याकाळपर्यंत नळावर सगळ्या बायांना सांगून आली. दुसऱ्या दिवशी एक जण मला म्हणाला, "काय भाऊ, पोलिसाशी झगडा अजून चालूच हाये का?"

त्या दिवसापासून माझ्या पोटात जे पेटलं ते विझलं नाही. शिकलेल्या माणसाचा मला कधी हेवा वाटला नाही, त्याच्याशी भांडता येतं. ही बाई भांडतही नव्हती.

आता विहाराची रीत सांगतो. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन होतं आणि शेवटी सगळ्या मोहल्ल्याचं भोजनदान. त्यासाठी धान्य उन्हाळ्यातच गोळा होतं. ज्याच्या घरी जे असेल ते. कोणी गहू, कोणी चणा, कोणी तांदूळ. आमच्याकडे हे धान्य एकत्र ओतत नाहीत. ज्याची त्याची चुंगडी, म्हणजे लहान पोतं, वेगळी, तोंड शिवलेलं, वर खडूनं नाव. पूर्वी कधीतरी कोणाच्या चांगल्या गव्हात कोणाचे खडे मिसळले म्हणून वाद झाला होता, तेव्हापासून हा नियम. भोजनदानाच्या दिवशी नाव पुकारून एकेक चुंगडी उघडतात. आपलं नाव पुकारलं जाणं ही मोहल्ल्यात फार मोठी गोष्ट. गरीबातला गरीब माणूस त्या दिवशी ताठ उभा असतो.

सुशीलाबाई दरवर्षी तूर देतात. शेत नाही. माघात तूर कापून झाली की शेतमालकांना विचारून त्या रानात उरल्यासुरल्या शेंगा वेचतात, सरवा. पाठ वाकवून महिनाभर वेचलेली, काठीनं झोडलेली, पाखडलेली, दाणा दाणा पाहून भरलेली एक चुंगडी. भोजनदानाचं वरण त्याच अख्ख्या तुरीचं होतं.

धान्य सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मागच्या पावसाळ्यात खालच्या फरशीला ओल आली होती, तर ह्या वर्षी समितीत विषय निघाला. सुशीलाबाई म्हणाल्या, खाली दगड मांडा, वर फळ्या टाका, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते सहन झालं नाही. मी उठलो आणि जाहीर केलं की मी विहाराला तीन मजली बांबूची मांडणी देईन.

सौसरला एक बांबूचा कारागीर आहे, त्याच्याकडे गेलो. ओला हिरवा बांबू पडला होता. तो म्हणाला, हा आत्ता फागुनात कापलेला आहे, गोड आहे, ह्याला वीस दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवू द्या, मग बनवतो. मला चौदा एप्रिलच्या आत मांडणी विहारात उभी पाहिजे होती. जयंतीला सगळा मोहल्ला येतो. मी म्हटलं, बुडवाबुडवी राहू दे, वार्निश मार. त्यानं खांदे उडवले आणि बनवून दिली. वर मी सागाच्या फळीची पाटी ठोकून घेतली, निळ्या अक्षरात, 'सप्रेम भेट, मनोहर ढोके, सामाजिक कार्यकर्ता'.

चुंगड्या मांडल्या मीच. चांगल्या जागा कोणाला दिल्या आणि सुशीलाबाईंची चुंगडी सगळ्यात खालच्या मजल्यावर, भिंतीकडच्या कोपऱ्यात कशी गेली, हे कोणी विचारलं असतं तर मी जागा नव्हती असं सांगितलं असतं. जागा होती.

भादव्यात, नदीवरच्या गोटमारीचा, म्हणजे आमच्याकडच्या दगडफेकीच्या जत्रेचा, आठवडा सरल्यावर, मी मांडणी ठेवलेली विहाराची मागची खोली उघडली. खालच्या कोपऱ्यात पिवळट पांढरी भुकटी पडली होती. सुशीलाबाईंच्या चुंगडीवर तर पीठ चाळल्यासारखा थर. त्यात दोन-तीन काळपट, लांबट, बारीक किडे चालत होते. मी बाटलीचं झाकण घेतलं आणि एक किडा त्यात पकडला.

खरं सांगतो, मला राग आला नाही. मला आनंद झाला. तो आनंद घेऊन मी घरी आलो आणि करुणेला काही सांगितलं नाही, कारण ती म्हणाली असती, आधी त्यांना दाखवा.

रविवारी वाचनानंतर सभा होती. विहार भरलेला, बाहेर पायऱ्यांवरही माणसं. मी उभा राहिलो. धान्याची शुद्धता, समाजाचा विश्वास, असं बरंच बोललो. मग झाकण वर धरलं आणि म्हणालो की जी बाई सगळ्या गावाच्या घरातले किडे ओळखते, तिच्याच चुंगडीतून किडे निघाले, आणि ते आता सगळ्यांच्या धान्यात शिरतील.

दोनशे माणसांच्या माना सुशीलाबाईंकडे वळल्या. मग कुजबुज. शकुंतलाबाई मेश्राम, महिला मंडळाच्या अध्यक्षा, म्हणाल्या की आधी चुंगडी आणून पाहू. चुंगडी आणली. सुशीलाबाई पुढे आल्या. त्यांनी शिवण उसवली, मूठभर तूर काढली, तळहातावर पसरली, उजव्या डोळ्याजवळ नेली.

"एका दाण्याले छेद दाखवा," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "छेद पडेपर्यंत समाजानं थांबायचं का, बाई?"

हे वाक्य मला फार आवडलं होतं. काही लोक हसले सुद्धा. सुशीलाबाईंनी झाकणातला किडा पाहिला. बराच वेळ पाहिला. मग मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी समजलो, पकडली गेली. मी झाकण जमिनीवर आपटलं तेव्हा त्या खाली वाकल्या आणि किडा उचलून पदराच्या टोकाला बांधला. मला वाटलं, पुरावा लपवून राहिल्या.

त्या मागच्या खोलीत गेल्या, जागा पुसून आल्या, चुंगडी डोक्यावर घेतली आणि पायऱ्या उतरल्या. कोणी हात लावला नाही. दान दिलेलं धान्य परत घरी नेताना मी आमच्या मोहल्ल्यात त्याआधी कोणाला पाहिलं नव्हतं. त्या माझ्या ओट्यासमोरूनच गेल्या, कारण गल्ली तीच आहे.

पुढचे आठ दिवस गल्लीतून पुडी घेऊन कोणी आलं नाही. मी सकाळपासून पेन उघडून बसत होतो. माझ्याकडेही कोणी आलं नाही. करुणा माझ्याशी कामापुरतं बोलत होती. एकदा चहा ठेवताना एवढंच म्हणाली, "सोनालीचा फोन आला होता. तिची आई जेवून नाई राहिली बरोबर." मी म्हणालो, मग मी काय करू. ती म्हणाली, "मी कुठं काई म्हणलं?"

नवव्या दिवशी मी खोली उघडली. कोपऱ्यात भुकटी होती. सुशीलाबाईंची चुंगडी नव्हती, तिची जागा रिकामी होती, आणि त्या रिकाम्या जागेवर ताजी पिवळट भुकटी. शकुंतलाबाईंच्या गव्हावर भुकटी. तांदळावर भुकटी. मी ती चुंगडी उचलून झटकली, दुसरी झटकली. वर पाहिलं. वार्निश मारलेल्या बांबूला टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती. एक नाही, शंभर. एका भोकातून माझ्या डोळ्यांदेखत भुकटीची बारीक धार खाली आली. अगदी पाटीच्या बाजूलाच.

तरी मी स्वतःला सांगितलं की गव्हातला किडा असेल, वर चढला असेल. एवढ्या लवकर हार कोण मानतं? पण उत्तर कोणाला विचारायचं, तर पूर्ण पांढुर्ण्यात एकच दार होतं. मी वर्तमानपत्राच्या तुकड्यात भुकटी घेतली, पुडी बांधली आणि माझ्याच ओट्यासमोरून त्या गल्लीत गेलो. दुपारची वेळ. कुठल्या कुठल्या खिडकीतून कोण पाहत होतं, मला सगळं जाणवत होतं.

सुशीलाबाई अंगणात थाळी घेऊन बसल्या होत्या. बसा म्हणाल्या नाहीत. मी पुडी पुढे केली.

त्यांनी भुकटी चिमटीत घेतली, दोन थेंब पाणी टाकलं आणि अंगठ्यानं तळहातावर चोळली. "पीठ असते तं चिकटा होते. हे पाहा." चिकटा झाला नव्हता. ओली, किरकिरी भुकटी तशीच वेगळी राहिली होती. मग त्या आत गेल्या आणि दोन काचेचे पेले घेऊन आल्या. तोंडाला फडकी बांधलेली. एकात तूर, तिच्यावर तो सभेतला किडा मरून पडलेला, आणि एकही दाणा फुटलेला नाही. दुसऱ्यात बांबूची एक ढलपी. सभेच्या रविवारी जागा पुसायला गेल्या तेव्हा त्यांनी मांडणीच्या पायाची ती ढलपी काढून आणली होती. ढलपीखाली भुकटीचा छोटा ढीग होता आणि त्यावर तसाच एक किडा, लांबट, डोकं खाली घातलेला, जिवंत.

"तुरीतला भुंगा ठेंगणा राह्यते. हा लांबडा हाये," त्या म्हणाल्या. "गव्हात याचा एक भाऊ राह्यते, थेट याच्यासारखा दिसते. म्हणून मीच चुकली असती. पेल्यात ठेवून पाह्यला तवा समजलं. हा बांबूचा घुण."

"मग त्याच दिवशी का नाही बोलल्या?" मी विचारलं. माझा आवाज चढलाच.

"पाह्यल्याबिगर कशी बोलू? तुमच्यासारखी?"

त्यांनी पेल्यांवरची फडकी पुन्हा घट्ट बांधली.

"अन् चार-पाच दिवसानं समजलं, तवा वाटलं का सांगाव जाऊन. मंग म्हणलं, मांडणीवर नाव लिहून हाये माणसाचं. आपलं नाव लोकाईपुढं असं पडलं, तं कसं वाटते थे मले मालूम हाये. तुमीच याल, म्हणलं, पुडी घेऊन."

मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, ही बाई माझ्यापेक्षा मोठी का आहे? हिला कोणी सांगितलं होतं मोठं व्हायला? त्या थाळीचा, त्या दोन पेल्यांचा, त्या एका डोळ्याचा मला असा हेवा वाटला की मी उठून परत निघालो होतो. फाटकापाशी थांबलो आणि पाठ वळवूनच म्हणालो की चुंगडी परत द्या, मी योगेशला पाठवतो, तो गाडीवर नेईल. योगेश माझा पुतण्या.

"नाई," सुशीलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "मी नेली ना डोक्यावर, सगळ्यांच्या समोरून? आणाची असन तं तुमीच आणा. डोक्यावर. वाचनाच्या टाइमाले. नाई तं राहू द्या, मी घरी वरण करून खाईन वर्षभर."

मी घरी आलो. करुणेला सगळं सांगितलं, पुडीपासून पेल्यापर्यंत. मला वाटलं होतं ती हसेल. ती हसली नाही. तिनं जुना गमछा काढला, त्याची चुंबळ केली आणि माझ्यासमोर ठेवली.

दुसऱ्या दिवशी वाचनाच्या वेळी मी ती चुंगडी डोक्यावर घेतली. उचलून द्यायला सुशीलाबाईच होत्या, दुसरं कोणी नव्हतं. तूर किती जड असते हे मला ठाऊक नव्हतं, कधी डोक्यावर घेतलीच नव्हती. मी पाठीमागच्या गल्लीनं जाऊ शकलो असतो, मनात आलं होतं. पण त्या माझ्यामागे चालत होत्या, तर समोरच्याच रस्त्यानं गेलो. माझ्या ओट्यावरून. एक जण म्हणाला, "काय भाऊ, हमाली चालू केली का?" मी तसाच चाललो, मान हलवली असती तर चुंगडी पडली असती.

विहारात त्या दिवशी सतरा माणसं होती. पाऊस होता, आणि रोजच्या वाचनाला तेवढीच येतात. मी चुंगडी खाली ठेवली आणि सांगितलं की तुरीत किडा नव्हता, किडा माझ्या मांडणीत होता, मी न पाहता बोललो. दोन पेले शकुंतलाबाईंच्या हातात दिले. त्यांनी ते फिरवले. सगळ्यांनी पाहिले, आणि पाहून झाल्यावर सगळे सुशीलाबाईंभोवती जमले. किती मोठं मन, किती शांत बाई. एकानंही माझ्याकडे पाहून म्हटलं नाही की कबूल करायला छाती लागते. मला वाटलं होतं कोणीतरी म्हणेल. घरी जाईपर्यंत वाट पाहिली.

मग धान्य हलवलं. दगड मांडले, वर फळ्या, भिंतीपासून हातभर दूर. जे सुशीलाबाईंनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं. उघडीप पडली त्या दिवशी सगळ्या चुंगड्या बाहेर काढून झटकल्या, उन्हं दाखवली. मांडणी मी सोडली. दोऱ्या कापल्या, बांबू वेगळे केले. पूर ओसरल्यावर ते जाम नदीत दोरानं बांधून, वर दगड ठेवून, गोडवा उतरेपर्यंत वीस दिवस बुडवले. नंतर वाळवून जवसाचं तेल लावलं. त्यांचा आता अंगणात भोपळ्याच्या वेलासाठी मांडव झाला आहे, सुशीलाबाईंच्या अंगणात.

सागाची पाटी मी फेकायला निघालो होतो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, नखानं टोचून पाहिली आणि परत दिली. "ठेवा भाऊ. पाटीले काई झालं नाई. सागवान हाये." ती आता आमच्या घरी पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून आहे. करुणा रोज सकाळी माझं नाव उचलते आणि बाजूला ठेवते.

अश्विन पौर्णिमेला भोजनदान झालं. नाव पुकारलं, सुशीलाबाई पुढे आल्या, चुंगडी उघडली, वरण शिजलं. मी वाढायला होतो. आणि तेव्हा मला ते दिसलं. चौथ्या ओळीत, खालच्या वस्तीतल्या दोन बायांनी वरणावर हात आडवा धरला. भात घेतला, भाजी घेतली, वरण नको म्हणाल्या. पुढे आणखी एकानं. मी विचारलं नाही, मला माहीत होतं. ते रविवारच्या सभेत होते आणि वाचनाच्या दिवशी नव्हते. सुशीलाबाई ओळीच्या टोकाला पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या. त्यांनीही पाहिलं. त्यांचा दुसरा डोळा अधू आहे, पण हे पाहायला एक पुरतो.

दोनशे माणसांसमोर मी बोललो आणि सतरा माणसांसमोर परत घेतलं. उरलेल्यांच्या डोक्यात तो किडा अजून चालून राहिला. सभेत उभं राहून पुन्हा सांगितलं तर लोक म्हणतात, भाऊ, सोडा आता, जुनी गोष्ट झाली. म्हणून लिहून काढलं. आणि हो, हेही लिहितो की गल्लीतून पुडी घेऊन कोणी गेलं की मला अजूनही लागतं. मी अजूनही पेन उघडून बसतो. आता विचारायच्या आधीच सांगतो, घरी आहेत, जा.

आमच्याकडची पोरं हिंदी शाळेत शिकतात, त्यांना मराठी बोलता येतं पण वाचताना अडखळतात. म्हाताऱ्यांपैकी कित्येकांना वाचताच येत नाही. तेव्हा तुम्ही, ज्यांनी इथपर्यंत वाचलं, माझं एक काम करा. पांढुर्णा, सौसर, मोहगाव, तिगाव, कुठंही तुमच्या ओळखीचं कोणी असेल जे त्या रविवारी आमच्या विहारात बसलं होतं, त्याला हे मोठ्यानं वाचून दाखवा. आणि येत्या अश्विन पौर्णिमेला जेवायला या. वरण वाढायला मी येईन तेव्हा हात आडवा धरू नका.